‘व्हिज्युअल’ भाचा आणि केळीचं खोड

रावेरचा माझा भाचा यंदा दहावीला आहे. मेच्या सुट्टीत गेलो, तर त्याचं विज्ञानाचं पुस्तक धुळवड खेळून आल्यासारखं पिवळं-गुलाबी झालेलं. “मामा, मी व्हिज्युअल लर्नर आहे,” म्हणाला. मोबाइलवरच्या कुठल्याशा चाचणीनं तसा निकाल दिला होता. तेव्हापासून मोठ्यानं वाचणं बंद, लिहून काढणं बंद, नुसते हायलायटर.

त्याला काय बोलणार? पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि हातानं करून शिकणारे, ही न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची विभागणी १९९०च्या दशकापासून जगभर पसरली आहे. आवड प्रत्येकाची असतेच, त्यात वाद नाही. वाद पुढच्या दाव्याचा आहे, की आवडीच्या वाटेनं शिकवलं तर जास्त लक्षात राहतं. तो तपासायचा तर ‘पाहून शिकणारे’ आणि ‘ऐकून शिकणारे’ अशा दोन्ही गटांना चित्रांनी आणि बोलून, दोन्ही रीतींनी शिकवून एकच परीक्षा घ्यावी लागेल. चित्रांनी शिकवल्यावर एक गट पुढे जायला हवा, बोलून शिकवल्यावर दुसरा. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तोवरचं संशोधन चाळलं. इतक्या काटेकोरपणे तपासणारे प्रयोगच मोजके निघाले, आणि त्यांतल्याही काहींचे निष्कर्ष दाव्याच्या थेट उलट. मला तर वाटतं, रीत धड्यावरून ठरते. तापीचं खोरं नकाशावर बघावं लागतं, अहिराणीचा हेल कानानंच धरावा लागतो.

मग ज्याचं त्याचं बळ असं काही नसतंच का? असतं, पण ते डोळ्या-कानात नाही. आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींत असतं. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं आणि काय घडलं ते छोट्या मैदानावर बाहुल्या हलवून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळाचा गंध नसलेल्या मुलांच्या कितीतरी पुढे गेली. नवी माहिती टांगायला त्यांच्याकडे खुंट्या होत्या.

भाच्याच्या खुंट्या केळीच्या बागेत आहेत. ‘इथिलीन : दोन कार्बन, चार हायड्रोजन, मध्ये दुहेरी बंध’ हे वाक्य त्यानं तीन रंगांत रंगवलं होतं आणि तरी विसरत होता. मी म्हटलं, केळी पिकवायच्या खोलीत, रायपनिंग चेंबरमध्ये, सोडतात तो वायू हाच. पिकायला लागलेलं केळंही तो स्वतः सोडतं, म्हणून एक पिकलं की शेजारची कच्ची घाई करतात. आतल्या स्टार्चची साखर होऊ लागते. “म्हणजे आपला चेंबरवाला गॅस?” एवढं विचारून गडी सरळ दुहेरी बंध काढायला बसला. शाकीय प्रजननाला तर मी लागलोच नाही. मातृझाडाची पिलं काढून दुसरीकडे लावणं त्यानं लहानपणापासून पाहिलंय, चिकाचे डाग शर्टावर घेऊन.

हायलायटर मात्र काढून घेतला. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. पहिल्या रात्री बारापैकी चारच मुद्दे आले. तो चिडला, “रंगवलं तेव्हा तर सगळं येत होतं!” येत नव्हतं, ओळखीचं वाटत होतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर किंचित पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं पारडं फिरलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, मधल्या वेळी स्वतः आठवून लिहिणाऱ्यांना ५६.

आधीचं ज्ञान कधी आडवंही येतं. चौथ्या दिवशी त्याच्या कागदावर होतं, ‘केळीचं खोड उंच असतं’. मी खाली रेघ मारली. उभं दिसतं ते खोडच नव्हे, पानांचे रुंद तळ एकावर एक गुंडाळून झालेला खांब. खरं खोड जमिनीतला कंद. ओट्यावर बसलेले त्याचे आजोबा ऐकत होते.

“चाळीस वर्षं मी काय कापत आलो मग?” ते म्हणाले. भाचा विळा घेऊन बागेकडे निघाला, आडवा काप घेऊन त्यांना दाखवायला.