सुरुंग कुणाचे, पाणी कुणाचं: सायबर वादामागची पार्श्वभूमी

२२ ऑक्टोबर १९४६. अल्बानियाचा किनारा आणि ग्रीसचं कोर्फू बेट यांच्यामधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून ब्रिटिश युद्धनौका चालल्या होत्या. ‘सॉमारेझ’खाली सुरुंग फुटला. तिला ओढून नेणारी ‘व्होलाज’ही दुसऱ्या सुरुंगात सापडली. ४४ जण दगावले. सुरुंग पेरले कुणी, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही.

तरीही ९ एप्रिल १९४९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अल्बानियाला जबाबदार धरलं. किनाऱ्यावर इतकी करडी नजर ठेवणाऱ्या देशाला आपल्याच पाण्यात सुरुंग पेरल्याचा पत्ता लागला नाही, हे न्यायाधीशांना पटलं नाही. इतर राष्ट्रांच्या हक्कांना बाधा येईल अशा कृत्यांसाठी आपला प्रदेश जाणूनबुजून वापरू द्यायचा नाही, हे प्रत्येक राष्ट्राचं कर्तव्य आहे, असं निकालात म्हटलं. ब्रिटनही सुटला नाही. स्फोटांनंतर त्याच्या नौदलाने पुराव्यासाठी अल्बानियाच्या हद्दीत शिरून परस्पर सुरुंग काढले होते. तो सार्वभौमत्वाचा भंग ठरला.

आज सायबर हल्ल्यांवरून जी वादावादी चालते ती जवळजवळ सगळी या एका खटल्यात आहे. हल्ला कुणी केला हे कळत नाही, तो तिसऱ्याच देशातल्या सर्व्हरवरून येतो, आणि ज्याला फटका बसला तो समोरच्याच्या यंत्रणेत घुसून पुरावा शोधू पाहतो. फरक एवढाच की सुरुंग पाण्यात असतो आणि पाणी कुणाचं हे नकाशावर दिसतं.

संयुक्त राष्ट्रांत हा विषय १९९८ मध्ये रशियाने आणला. पुढची काही वर्षं तो निरुपद्रवी ठरावांत पडून होता. २००७ च्या वसंतात एस्टोनियाने सोव्हिएत काळातला सैनिकाचा ब्राँझचा पुतळा राजधानी टालिनच्या मध्यातून हलवला आणि सरकारी खाती, बँका, वृत्तपत्रं यांच्या संकेतस्थळांवर बनावट विनंत्यांचा लोंढा कोसळला. संरक्षणमंत्री याक आविक्सू यांनी तेव्हा स्पष्टच सांगितलं की नाटो अशा हल्ल्याला लष्करी कारवाई मानत नाही, त्यामुळे सामूहिक संरक्षणाचं कलम (एका सदस्यावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा) आपोआप लागू होणार नाही. पुढच्याच वर्षी टालिनमध्ये नाटोशी संलग्न सायबर संरक्षण केंद्र उभं राहिलं. सायबर कारवायांना आंतरराष्ट्रीय कायदा कसा लागू होतो हे सांगणारा, त्याच्या पुढाकाराने कायदेपंडितांनी लिहिलेला ‘टालिन मॅन्युअल’ २०१३ मध्ये आला, सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये. त्याचा हवाला सगळे देतात, पण तो कोणत्याही सरकारवर बंधनकारक नाही.

अमेरिका, रशिया, चीन यांच्यासह १५ देशांच्या संयुक्त राष्ट्रांतल्या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये मान्य केलं की आंतरराष्ट्रीय कायदा, विशेषतः संयुक्त राष्ट्रांची सनद, इथेही लागू होते. ‘लागू होतो का’ हा प्रश्न तिथे मिटला. ‘कसा’ हा मिटला नाही. अशाच गटाच्या २०१५ च्या अहवालात देशांच्या वर्तनाचे ११ निकष आले, आणि त्यातला एक वाचताना कोर्फूचा निकाल आठवल्याशिवाय राहत नाही: आपला प्रदेश अशा गैरकृत्यांसाठी जाणूनबुजून वापरू देऊ नये. पण हे निकष ऐच्छिक. न्यायालयाने कर्तव्य म्हणून सांगितलेली गोष्ट इथे सूचनावजा झाली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हेच सर्वांत बोलकं वाक्य आहे, पण त्याची चर्चा फारशी होत नाही.

२०१७ मध्ये पुढचा गट स्वसंरक्षण, युद्धाचे नियम आणि प्रत्युत्तराचे उपाय यांवर अडला आणि अहवालाविना उठला. मग देश एकेकटे बोलू लागले. २०१८ मध्ये ब्रिटनचे अॅटर्नी जनरल जेरेमी राइट म्हणाले, सार्वभौमत्व हे तत्त्व खरं, पण त्यातून सायबर घुसखोरीला मनाई करणारा वेगळा नियम निघत नाही. २०१९ मध्ये फ्रान्सने नेमकी उलट भूमिका घेतली: आमच्या यंत्रणेत विनापरवाना शिरकाव हासुद्धा सार्वभौमत्वाचा भंग ठरू शकतो. म्हणजे परक्या पाण्यात शिरल्याबद्दल १९४९ मध्ये बोल खाणाऱ्या देशालाच आता संगणकांसाठी तो नियम नको होता.

आणि अल्बानिया? जुलै २०२२ मध्ये त्याच्या सरकारी ऑनलाइन सेवा सायबर हल्ल्यात बंद पडल्या. ७ सप्टेंबरला पंतप्रधान एडी रामा यांनी इराणवर ठपका ठेवून राजनैतिक संबंध तोडले आणि दूतावासातल्या मंडळींना २४ तासांत देश सोडायला सांगितलं. इराणने आरोप फेटाळला. तोवर नाटोचा सदस्य झालेल्या अल्बानियाने सामूहिक संरक्षणाचं कलम पुढे केलं नाही. निवडला तो असा उपाय, ज्यासाठी कायद्याचा भंग झाला हे कुणापुढे सिद्ध करावं लागत नाही: दूतावास केव्हाही, कारण न देताही बंद करता येतो.