जुनं घड्याळ आणि रंगवलेलं जुनं घड्याळ

पहिलं जुनं घड्याळ घ्यायचं ठरलं की सोलापुरातली पोरं हटकून एचएमटीकडे वळतात. वळू देत. एचएमटीची ओळख नव्याने करून द्यायची गरज नाही: जपानच्या सिटीझनच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळुरूला उभा राहिलेला सरकारी कारखाना, १७ ज्वेलची (मशीनमध्ये झीज रोखणारे सतरा खडे असलेली) चावीची 'जनता', लग्नात जावयाला दिलेली 'कोहिनूर', २०१६ मध्ये घड्याळांचं काम बंद करायचा सरकारी निर्णय. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ पुढे होतो. कोणीतरी मोबाईल पुढे करून म्हणतं, "काका, चाळीस वर्षं जुनं आहे म्हणे, बघा की कसं कोरं दिसतंय!" फोटोत पिवळ्याधमक डायलचं (तबकडीचं) एचएमटी 'पायलट' असतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'ओरिजिनल, मिंट कंडिशन'.

कोरं दिसतंय हीच तर तक्रार आहे.

जुन्या घड्याळाच्या नावाखाली दोन वस्तू एकाच ट्रेमध्ये पडलेल्या असतात. एक, कारखान्यातून निघताना होती तीच डायल अजून असलेलं घड्याळ. दुसरं रिडायल: मशीन जुनं, केस (बाहेरचं धातूचं कवच) जुनी, पण डायल खरवडून नव्याने रंगवलेली आणि वर अक्षरांचा छापा मारलेला. परदेशातले शौकीन अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि कौतुकाने म्हणत नाहीत. रिडायल म्हणजे लगेच बनावट असं मी म्हणणार नाही. आतलं मशीन खरंच एचएमटीचं असू शकतं, वेळही नीट दाखवेल. फक्त ते ओरिजिनलच्या भावात घ्यायचं नाही.

सोलापूरकराला हे जड जाऊ नये. आपल्या चादरीची नक्षी जकार्डच्या मागावर विणीतच उतरते. वरून छापलेली कोणी आणून दिली तर आपण दोन बोटांत ओळखतो. तीच नजर इथे भिंगातून लावायची.

दहापटीचं भिंग घ्या आणि आधी अक्षरं बघा. 'पॅरा शॉक' (मशीनला धक्क्यापासून संरक्षण), '१७ ज्वेल्स' या बारीक ओळी कारखान्याच्या छपाईत धारदार असतात. रिडायलमध्ये अक्षरं फुगतात, एकमेकांना चिकटतात, ओळ किंचित तिरकी जाते. मग मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळतात का बघा. तारखेची खिडकी असेल तर तिच्या कडेला रंग साचलाय का तेही बघा. पायलटची ओळख काळ्या डायलची. लाल, पोपटी, भगवं पायलट समोर आलं की मी भिंगसुद्धा काढत नाही.

आता उलटी बाजू, कारण लोक जास्त फसतात ते इथे. ओरिजिनल डायल म्हणजे स्वच्छ डायल, ही समजूत डोक्यातून काढा. डायलवरचं लॅकर (चकाकीचा पातळ थर) जुनं होतं, पांढरा रंग पिवळसर पडतो. ओल पुष्कळदा चावीच्या दांड्यालगत आत शिरते, म्हणून डाग तीनच्या आकड्याकडून किंवा कडेकडून सुरू झालेले दिसतात. असे डाग मला चालतात, किंबहुना दिसले की बरं वाटतं. डायल पिवळी आणि काट्यांवरचं रेडियम मात्र हिरवंगार, अंधारात झगझगणारं असेल, तर ते नंतर कोणीतरी भरलेलं आहे. डायल नवीकोरी आणि केसचे कोपरे घासून गोल झालेले असतील तरीही शंका घ्या. काचेखाली डायल टिकते हे खरं, पण इतकी?

जपानी सेको कंपनीच्या 'सेको फाइव्ह' घड्याळांत काम थोडं सोपं आहे. मागच्या झाकणावर चार-चार आकडी दोन संख्या असतात. पहिली, समजा ६३०९, हा मशीनचा नंबर. डायलच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत तोच नंबर हवा. दुसरी संख्या केसची. डायलवर ती वेगळी असली तर घाबरू नका. तेवढ्यावरून चांगलं घड्याळ परत करणारे शहाणे मी पाहिलेत.

झाकण उघडून मशीन दाखवा म्हणायला लाजू नका. गंज, घासलेले स्क्रू तिथेच दिसतात. 'उघडलं तर वॉटरप्रूफ जाईल' असं ऐकू आलं तर चहा पिऊन उठायचं. एवढ्या जुन्या घड्याळाला तसंही पाणी लागू द्यायचं नसतं.

चावीचं की ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं), यावर लोक तासन्‌तास भांडतात. रोज सकाळी चावी द्यायचा कंटाळा नसेल तर चावीचं घ्या. त्यात भाग कमी, दुरुस्ती सोपी. काच, पट्टा, चावी, मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) बदललेली असली तर नाक मुरडू नका, या वस्तू झिजायच्याच. स्टील की सोन्याचा मुलामा? स्टील. एप्रिल-मेच्या सोलापुरी घामात मुलामा कडांवरून आधी उडतो.

आणि पैसे काढण्याआधी घरातलं कपाट उघडा. आजोबांची बंद पडलेली जनता सापडली तर मशीन साफ करून, तेल घालून घ्या. दुरुस्तीला देताना पावतीवरच लिहून घ्या: डायलला हात लावायचा नाही. न सांगता 'नवी करून' देणारे कारागीर अजून आहेत.