आकारबद्ध आदानवाचन
आकारबद्ध आदानवाचन म्हणजे मजकुरी टर्मिनलवर वापरकर्त्याने टंकलेली अक्षरे आधी ठरवलेल्या साच्याशी ताडून त्यांतून संख्या, शब्द किंवा सुटी चिन्हे वेगळी काढण्याची पद्धत. सी भाषेतील स्कॅनएफ हे फलन तिचे सर्वांत परिचित उदाहरण असून प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याविषयी आहे.

उगम : स्कॅनएफचे मूळ फोरट्रानच्या ‘फॉरमॅट’ विधानात शोधण्याकडे काहींचा कल असतो. १९५७ मध्ये आयबीएम ७०४ संगणकासाठी आलेल्या त्या भाषेत विदा कोणत्या रकान्यांत आहे हे साच्यानेच सांगितले जाई, आणि ऐंशी रकान्यांच्या छिद्रपत्रांना ते सोयीचेही होते. दुसरे मत बीसीपीएल, बी आणि सी या एकीतून दुसरी निघालेल्या संगणकभाषांच्या वंशावळीवर भर देते. साच्यानुसार मजकूर छापणारे प्रिंटएफ हे फलन बी भाषेत आधीच होते. सीचे निर्माते डेनिस रिची यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या सीच्या इतिहासानुसार माइक लेस्क यांच्या ‘पोर्टेबल आय/ओ’ या आदान-प्रदान फलनांच्या संचावर पुढे संस्कार होऊन सीची प्रमाण आदान-प्रदान फलने तयार झाली. स्कॅनएफ रकाने मोजत नाही, कोरी जागा आली की थांबते, आणि त्याचे साचे प्रिंटएफच्या धर्तीवर लिहिले जातात. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कर्निघन व रिची यांच्या सीवरील १९७८ च्या ग्रंथात त्याचे वर्णन असल्याने निर्मिती त्यापूर्वीची, बहुधा १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील, मानता येते.

कार्यपद्धती : टर्मिनलचा चालक (ड्रायव्हर ही आज्ञावली) संपूर्ण ओळ स्वतःकडे साठवतो, बॅकस्पेसची दुरुस्तीही तिथेच होते आणि एंटर दाबल्यावरच ओळ आज्ञावलीकडे जाते. स्कॅनएफला मात्र ‘ओळ’ ही कल्पना नाही. त्याच्या दृष्टीने एंटर हे कोऱ्या जागेचेच एक चिन्ह. साच्यातील पर्सेंट-डी ही दशमान पूर्णांकाची खूण आरंभीची कोरी जागा ओलांडते, पर्सेंट-सी ही एका सुट्या चिन्हाची खूण ओलांडत नाही. त्यामुळे संख्येनंतर ‘हो की नाही’ विचारणारी आज्ञावली मागे उरलेले एंटरच उत्तर म्हणून उचलते आणि न थांबता पुढे जाते, हा प्रयोगवर्गातील नित्याचा अनुभव होय. पर्सेंट-सीच्या आधी एक मोकळी जागा सोडणे हा त्यावरचा उपाय. आदानप्रवाहावर एफफ्लश हे साठा रिकामा करण्याचे फलन चालवण्याचा प्रघात टर्बो सी या जुन्या सी-संकलकाच्या काळापासून रुळला असला, तरी सीच्या प्रमाण मानकात त्याचा परिणाम अनिश्चित ठेवला आहे.

किती घटक साच्यात बसले ती संख्या स्कॅनएफ परत करते, परंतु तेवढी तपासणी पुरत नाही. सोलापूरचा दूरध्वनी संकेतांक ०२१७ संख्येचा पाया आरंभीच्या खुणेवरून ठरवणाऱ्या पर्सेंट-आयने वाचला, तर आरंभीच्या शून्यामुळे तो अष्टमान (आठ पायाचा) समजला जाऊन १४३ हाती येतो. पर्सेंट-डीने २१७ येतो, शून्य गळते. शहराच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली तो दिवस १२-०१-१९३१ असा टाकला आणि साच्यात आडव्या रेघा दिलेल्या नसल्या, तर रेघ ऋणचिन्ह ठरून १२, उणे १ आणि उणे १९३१ अशा तीन संख्या मिळतात, आणि परत येणारी संख्या निर्दोष ३ असते. उलट, सुताचे वजन १२.५ टाकल्यास पर्सेंट-डी १२ घेऊन थांबते, उरलेला ‘.५’ पुढच्या प्रत्येक वाचनाला अडवतो आणि चक्रात (लूपमध्ये) ठेवलेले वाचन थांबतच नाही. म्हणून माणसाने टंकलेल्या विदेसाठी एफगेट्स या फलनाने ओळ घेऊन मग एसस्कॅनएफने (साठवलेल्या मजकुरावर चालणारे स्कॅनएफ) किंवा स्ट्रटॉलने (मजकुराची संख्या करणारे फलन) तिची फोड करणे श्रेयस्कर. जागेची मर्यादा न विचारता ओळ वाचणारे गेट्स हे फलन २०११ च्या मानकातून वगळण्यात आले आहे. रुंदी न दिलेला, शब्द वाचणारा पर्सेंट-एस तितकाच धोक्याचा असून तो अद्याप कायम आहे.

इतर भाषांत बेसिकचे ‘इनपुट’, पास्कलचे ‘रीडएलएन’ आणि सी++चे ‘सीइन’ ही याच गरजेची रूपे होत.

भारतीय लिप्या : येथे अंक देवनागरीत छापले असले, तरी सामान्यतः पर्सेंट-डीला इंग्रजी अंकच कळतात. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू नावे एकाच यादीत येऊ शकतात. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनपद्धतीत पहिल्या तीन भाषांच्या लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, तर उर्दूच्या अक्षराला दोन बाइट लागतात. ‘सोलापूर’ या शब्दात काना, मात्रा, उकार धरून सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट होतात. दहा बाइटांच्या जागेत पर्सेंट-९-एसने (कमाल नऊ बाइट) तो वाचल्यास ‘सोल’ एवढेच उरते. रुंदी आठ दिली, तर ‘ल’ अर्धवट तुटून पडद्यावर त्याच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते.