नेरूळचं स्टेडियम, निळी जर्सी आणि कोर्टाच्या तारखा

भाचा ठाण्यात राहतो, अकरा वर्षांचा आहे, म्हणजे मुंबई सिटी क्लब आणि हा एकाच वर्षाचे. 2025 च्या डिसेंबरच्या शेवटी बातमी आली की सिटी फुटबॉल ग्रुपनं, म्हणजे मॅन्चेस्टर सिटीवाल्यांनी, मुंबई सिटीतला हिस्सा सोडला, आणि त्यानं विचारलं, मामा, आता नवीन जर्सी घ्यायची की नको? मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की हे एका वाक्यात सांगता येणारच नाही, 2010 पासून सुरुवात करायला लागेल.

तर 2010. फुटबॉल फेडरेशननं रिलायन्स आणि आयएमजीच्या जोडकंपनीशी करार केला, 15 वर्षं, 700 कोटी. भारतीय फुटबॉलचे कमर्शियल हक्क त्यांना, त्या बदल्यात फेडरेशनला दरवर्षी ठरलेले पैसे. त्याच वर्षी मुंबईतला महिंद्रा युनायटेड बंद पडला, जो 2006 ला देशाचा चॅम्पियन होता, आणि त्यावर कुठे फार बोंबाबोंबही झाली नाही. खरं सांगायचं तर मीही नाही केली. कूपरेजला, म्हणजे मुंबईच्या जुन्या फुटबॉल ग्राऊंडवर, मी दोनदाच गेलो असेन.

2014 ला त्याच हक्कांवर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग आली आणि मुंबईच्या टीमचं होमग्राऊंड निघालं आपलं नेरूळचं डी. वाय. पाटील! रणबीर कपूर आणि बिमल पारेख मालक. 18 ऑक्टोबर 2014, शनिवार, पुण्याविरुद्ध पहिली होम मॅच. ठाण्याहून पनवेल लोकल पकडली तर डब्यात सगळी चर्चा दुसऱ्या दिवशीच्या विधानसभा निकालाची, कोण मुख्यमंत्री, कोण कोणाला पाठिंबा देणार, आणि आम्ही चौघंच निळे टीशर्ट घालून येड्यासारखे उभे. 5-0 जिंकलो, आंद्रे मॉरित्झची हॅटट्रिक. येताना घसा पार बसलेला. पुढच्या वर्षी सुनील छेत्री आला आणि नॉर्थईस्टविरुद्ध 5-1 जिंकलो त्यात त्यानं तीन मारले, आयएसएलमध्ये भारतीय खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक.

आणि 2016 ला टीम अंधेरीला गेली. संपलं. आमच्यासाठी शनिवारची मॅच म्हणजे घाटकोपरला उतरून मेट्रोच्या गर्दीत घुसायचं आणि रात्री साडेदहाला परतीची मारामारी. अंधेरीचं ग्राऊंड फुटबॉलला चांगलंच आहे, स्टॅण्ड जवळ आहे, नेरूळला क्रिकेटच्या बाऊंड्रीमुळे कॉर्नर किक घेणारा मुंगीएवढा दिसायचा, हे मान्य. पण ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लाईनच्या पब्लिकला कोणी विचारलं का, तर नाही. मालक ठरवतो. ही पहिली तक्रार.

दुसरी दिल्लीची, आणि ती जास्त जुनी. फेडरेशनचं अध्यक्षपद 1988 ते 2008 काँग्रेसच्या प्रियरंजन दासमुन्शींकडे, नंतर राष्ट्रवादीच्या प्रफुल पटेलांकडे. म्हणजे 34 वर्षांत दोन अध्यक्ष आणि दोघंही पुढारी. आपल्याकडे साखर कारखान्यात पण एवढं टिकत नाही कोणी! पटेलांच्या काळात 2017 चा अंडर 17 वर्ल्डकप भारतात आला हे मात्र नाकारून चालणार नाही, त्याची एक सेमीफायनल नेरूळलाच झाली, स्पेननं मालीला 3-1 हरवलं. राज्य सरकारनं त्याच्या आधी 15 सप्टेंबरला मिशन वन मिलियन केलं होतं, एका दिवसात दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा म्हणून. शाळाशाळांत बॉल वाटले. माझ्या ओळखीतल्या एका शाळेत तो बॉल शिपाईकाकांच्या कपाटात ठेवलेला, हवा गेलेला, कारण पंप कोणाकडेच नव्हता.

वर्ल्डकपची फायनल 28 ऑक्टोबरला झाली आणि 31 ऑक्टोबरला दिल्ली हायकोर्टानं पटेलांची 2016 ची निवडणूकच रद्द केली, सरकारच्या स्पोर्ट्स कोडप्रमाणे झाली नाही म्हणून. सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली, फेडरेशनची नवीन घटना, म्हणजे नियमावली, लिहायला माणसं नेमली, आणि मग फाईल जी पडली ती पडलीच. पटेलांची मुदत 2020 च्या डिसेंबरला संपली तरी निवडणूक नाही, का तर घटना कोर्टात आहे. हे कारण 2017 पासून आठ वर्षं सगळ्यांना पुरलं.

मधल्या काळात क्लबचं मात्र झकास चाललेलं, हीच तर गंमत आहे. नोव्हेंबर 2019 ला सिटी ग्रुपनं 65 टक्के घेतले. 2020-21 ला लीग शील्ड (गुणतक्त्यात पहिला येणाऱ्याची) आणि कप (फायनल जिंकणाऱ्याचा) दोन्ही, फायनलला नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल! पण कोविडमुळे सगळा सीझन गोव्यात रिकाम्या स्टेडियममध्ये, आम्ही घरात बसून टीव्हीसमोर ओरडतोय आणि शेजारचे काका बेल वाजवून विचारतायत काय झालं.

2022 हे नेरूळसाठी भयानक वर्ष. जानेवारीत महिलांचा एशियन कप, भारताच्या मॅचेस डी. वाय. पाटीलला. इराणशी 0-0, आणि 23 तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध उतरायला खेळाडूच पुरे पडेनात, कॅम्पमध्ये कोविड पसरलेला. यजमान देश स्पर्धेतून बाहेर, वर्ल्डकपचा चान्स पण गेला. मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं पटेलांना बाजूला करून प्रशासक समिती बसवली. ऑगस्टमध्ये फिफानं, बाहेरच्यांची ढवळाढवळ होते म्हणून, भारतावर बंदीच घातली. ऑक्टोबरमध्ये मुलींचा अंडर 17 वर्ल्डकप, फायनल नेरूळला, आणि दोन महिने आधी देशच बॅन! अकरा दिवसांत उठली बंदी. 2 सप्टेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक झाली, कल्याण चौबे 33, भाईचुंग भुतिया 1. चौबे स्वतः गोलकीपर होते, बंगालमध्ये भाजपतर्फे निवडणूकही लढलेले. माजी खेळाडू आला म्हणून मी खूश झालो होतो. पण ज्या भुतियानं देशासाठी एवढ्या मॅचेस खेळल्या त्याला एक मत, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

आता 2025. तो 15 वर्षांचा करार 8 डिसेंबरला संपणार हे 2010 पासून कॅलेंडरवर होतं. पण नवीन करार कोण करणार, घटना तर कोर्टात. 11 जुलैला लीग चालवणाऱ्या कंपनीनं सांगितलं की करार पुढे असेल की नाही माहीत नाही, सीझन होल्डवर. क्लबांनी प्रॅक्टिस थांबवली, काहींनी पगार थांबवले. सप्टेंबरमध्ये कोर्टानं घटना एकदाची मंजूर केली, फेडरेशननं लीगच्या हक्कांचं टेंडर काढलं, वर्षाला किमान 37.5 कोटी. 2 नोव्हेंबरला नेरूळच्या त्याच ग्राऊंडवर आपल्या मुलींनी क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकला, पाऊस असूनही लोक रात्रीपर्यंत हलले नाहीत. पाचच दिवसांनी, 7 तारखेला, टेंडरची मुदत संपली. आलेल्या बोली, शून्य.

मधे ऑक्टोबरमध्ये सिंगापूरनं भारताला गोव्यात हरवून एशियन कपच्या पात्रतेतून बाहेर काढलं, नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशशी हरलो. कोच खालिद जमील, मुंबई एफसीला (मुंबई सिटी नव्हे, वेगळा क्लब) वर्षानुवर्षं कमी पैशात टिकवून ठेवलेला माणूस, त्याला शिव्या घालण्यात काय पॉइंट आहे, खेळायला लीगच नाही तर त्यानं काय करायचं?

सिटी ग्रुपनं जाताना लीगच्या अनिश्चिततेचं कारण दिलं आणि ते खोटं नाही. पण याच लोकांना नोव्हेंबर 2023 ला सौदीच्या अल हिलाल क्लबची मॅच नेरूळला आणता आली होती, त्यांचा नेमार जखमी असून, आपण 0-2 हरून सुद्धा स्टेडियममध्ये भरपूर पब्लिक होतं. तेवढं पब्लिक आहे हे बघूनही सहा वर्षांत खाडीच्या या बाजूला काय केलं? मालक म्हणतो फेडरेशनमुळे, फेडरेशन म्हणतं कोर्टामुळे, आणि कोर्टात आपण कुठल्याच बाजूचे वकील नाही.

जानेवारी 2026 ला क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की 14 फेब्रुवारीपासून लीग होणार, 14 क्लब, प्रत्येकाशी एकच मॅच, एकूण 91. क्लब परत रणबीर-पारेखांकडे.

भाच्याला नवीन जर्सी नाही घेतली. माझी 2015 ची काढून दिली, पाठीवर छेत्रीचा 11 नंबर नेरूळ स्टेशनबाहेरून छापून घेतलेला. गुडघ्यापर्यंत येते त्याला. धुऊन धुऊन एक आकडा निघून गेलाय, नुसता 1 राहिलाय. म्हणजे गोलकीपरचा नंबर, म्हणाला तो, मी काही बोललो नाही.