रिकामी लॉरी हवेला रिकामी वाटत नाही

सकाळी कोल्हापूरच्या तावडे हॉटेलजवळ हायवेच्या कडेला उभं राहिलं की दोन तऱ्हेच्या लॉऱ्या दिसतात. एकीचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) दबलेले, चाल जड. दुसरी फाळक्याच्या साखळ्या खडखडवत रिकामीच निघालेली. पहिलीचा धूर डोळ्यांत खुपतो, पण मला काळजी दुसरीची वाटते.

सपाट रस्त्यावर लॉरीला दोन गोष्टी अडवतात: टायरचा विरोध आणि समोरची हवा. (डिझेलमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा इंजिनातच उष्णता होऊन जाते, ते आणखी वेगळं.) टायरचा विरोध वजनाबरोबर वाढतो; सोळा टनांची गाडी रिकामी होऊन सहा टनांवर आली, की तो निम्म्याहून खाली येतो. हवेला मात्र हौद्यात काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. ती अडते गाडीच्या आकाराला. उघड्या, रिकाम्या हौद्यात तर ती भोवरे घालत बसते. म्हणून भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देत असेल, तर रिकामी आठ-दहा देत नाही. सहा धरू. पुणे ते कोल्हापूर साधारण 230 किलोमीटर, म्हणजे 38 लिटर डिझेल. एका लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो; डिझेलपेक्षा त्याचं वजन जास्त, कारण कार्बन हवेतला ऑक्सिजन धरून बसतो. झाले शंभर किलो, आणि माल हलला शून्य.

मग परतीचं भाडं का धरत नाहीत? भाड्यासाठी परगावी दोन दिवस गाडी उभी ठेवण्यापेक्षा रिकामं येणं मालकाला परवडतं. मार्केट यार्डातला गूळ गुजरातला जातो. तिकडून मोरबीच्या टाइल्स भरून यायच्या, तर गाडी खाली होण्याआधीच ते भाडं ठरलेलं हवं. हुंडेकऱ्याचा, म्हणजे गाडी आणि माल जुळवून देणाऱ्याचा, फोन हेच इथलं खरं प्रदूषण-नियंत्रण यंत्र!

भरलेल्या गाडीतही गंमत असते. शिरोलीच्या फाउंड्रीतलं बीड (ओतीव लोखंड) इतकं जड, की दहा टनांचा सलग ठोकळा दीड घनमीटरसुद्धा होत नाही. कास्टिंग पोकळ, वेडंवाकडं असल्याने जास्त जागा घेतं हे खरं. तरी वजनाची मर्यादा संपते आणि हौदा वरून मोकळाच राहतो. गांधीनगरच्या कपड्यांचं नेमकं उलटं: गाडी शिगोशीग, वजन नावाला. खाली कास्टिंग, वर कापडाचे गठ्ठे असा मेळ जमला तर दोन फेऱ्यांचं काम एकीत होईल. तेलाचे डाग पडतील म्हणून कापडवाला नाक मुरडेल, तो भाग निराळा.

भरा म्हणजे कोंबा नव्हे. रस्त्याची झीज साधारणपणे आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. आसावर वीस टक्के जादा वजन आलं की झीज दुप्पट.

वेगाचा हिशेबही असाच. साठऐवजी ऐंशीने गेलं की हवेचा विरोध पावणेदोन पटींवर जातो. विजेची लॉरी सध्या शिरोली–गोकुळ शिरगाव अशा जवळच्या फेऱ्यांना शोभते. लांबच्या पल्ल्याला बॅटरीचंच वजन मालाची जागा खातं.

आणि टायर. धाब्यावर गाडी थांबली की किन्नर (क्लीनर) लोखंडी टामी घेऊन उतरतो, एकेक टायर ठोकत जातो. हवा कमी असलेल्या टायरला हात लावला तर चटका बसतो, कारण तो जास्त दबतो, पुन्हा फुगतो आणि त्यात तापतो. तो चटका डिझेलचाच. ठोक्याच्या आवाजावरून बसलेला टायर कळतो. दहा टक्के हवा कमी आहे हे नाही कळत, त्याला गेजच लावावा लागतो.