मेल सर्व्हरचा नकार वाचायचा कसा

हिंगणघाटच्या परिसरात दिवाळीनंतर कापसाचा हंगाम जोर धरतो आणि जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. अशाच एका जिनिंगच्या वजनकाट्यावर मी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम चालतो. भरल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन घेऊन तो काटा-पावती तयार करतो आणि कंपनीच्या मेल सर्व्हरमार्फत दोन पत्त्यांवर पाठवतो. त्यातला एक पत्ता कंपनीच्याच नागपूर कार्यालयाचा असतो आणि दुसरा माल आणणाऱ्या व्यापाऱ्याचा. गेल्या हंगामाच्या सुरुवातीला कार्यालयाला सगळ्या पावत्या मिळत होत्या, व्यापाऱ्यांना मात्र एकही मिळत नव्हती, आणि पडद्यावर दरवेळी एकच ओळ उमटत होती : 'मेल पाठवता आला नाही.'

मेल गेला नाही की नेट गेले, असा आपल्याकडे पक्का समज आहे. नेट गेले असते, तर नागपूरचीही पावती अडली असती, एवढा विचार कोणी केला नाही. दोन दिवसांनी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधलेली दिसली. बांधणाऱ्याची काळजी खरी होती, कारण पावतीवाचून हिशेब अडतो आणि हिशेबावाचून पैसे. परंतु लिंबू-मिरचीकडून कारण कळत नाही, आणि येथे तर सर्व्हरने कारण आधीच स्पष्ट सांगितले होते. माझ्या प्रोग्रामने ते उत्तर टाकून देऊन त्याजागी स्वतःची मोघम ओळ दाखवली होती, आणि खरी चूक तीच होती.

मेल पाठवण्याच्या पद्धतीला एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी तिचे नियम ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या, इंटरनेटचे नियम नोंदवणाऱ्या मालिकेतल्या दस्तऐवजात मांडले. या पद्धतीचे सौंदर्य असे, की ती दोन यंत्रांमधली साध्या अक्षरांतली बोलचाल आहे आणि ती माणसालाही वाचता येते. प्रत्येक उत्तराच्या आरंभी तीन अंकी आकडा असतो. पहिला अंक २ असेल तर काम झाले, ३ असेल तर पुढचे सांगा, ४ असेल तर आत्ता जमत नाही, नंतर या, आणि ५ असेल तर जसे मागता आहात तसे होणार नाही.

मी टेलनेट, म्हणजे सर्व्हरशी हाताने अक्षरे लिहून बोलू देणारे साधन, उघडले आणि सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या पोर्टाशी, म्हणजे त्याच्या त्या क्रमांकाच्या दाराशी, प्रोग्रामच्या जागी स्वतः बोललो. जोडणी होताच २२० आला. मी ईएचएलओ लिहून ओळख दिली, २५० आला. मेल फ्रॉम लिहून पाठवणाऱ्याचा पत्ता दिला, पुन्हा २५०. आरसीपीटी टू लिहून नागपूरचा पत्ता दिला, २५०. त्याच ठिकाणी व्यापाऱ्याचा पत्ता दिला आणि उत्तर आले ५५०, रिले करण्यास मनाई.

या एका ओळीत सगळे उत्तर होते. सर्व्हरला स्वतःच्या कार्यालयाचा मेल कोणाकडूनही घ्यावा लागतो, कारण बाहेरचे जग त्याला त्याच दाराने मेल आणून देते. दुसऱ्याच्या पत्त्यावरचा मेल पुढे पोहोचवणे हे मात्र वेगळे काम आहे, आणि त्यालाच रिले म्हणतात. एके काळी अनेक सर्व्हर अनोळखी माणसाचाही मेल पुढे पाठवत असत. नको असलेल्या जाहिरातींचे लोंढे त्याच वाटेने येऊ लागले, तेव्हा ही वाट बंद करावी लागली. आता ओळख पटलेल्यालाच रिले मिळतो. आपल्या माणसांनी मेल सुपूर्द करण्यासाठी ५८७ क्रमांकाचे वेगळे पोर्ट १९९८ मध्ये ठरवण्यात आले. माझा प्रोग्राम मात्र नाव-पासवर्ड न देता २५ वरच उभा होता.

पोर्ट ५८७ करून पासवर्ड दिला, तरी पहिल्याच प्रयत्नात काम झाले नाही. येथे थोडे सावकाश वाचावे लागेल. ५८७ वर बोलणे उघड्या अक्षरांत सुरू होते आणि स्टार्टटीएलएस हा आदेश दिल्यावर ते कुलूपबंद होते, म्हणजे तिऱ्हाइताला वाचता येत नाही. पासवर्ड बेस६४ या लिपीत जातो, पण बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे. मोडी लिपी न येणाऱ्याला मोडीतला कागद वाचता येत नाही, येणाऱ्याला सहज वाचता येतो, तितकेच ते आहे. म्हणून बहुतेक सर्व्हर कुलूप लागेपर्यंत पासवर्ड मागतच नाहीत. त्यातही कुलूप लागल्यावर ईएचएलओ पुन्हा म्हणावे लागते, कारण आधीच्या उघड्या बोलण्यातले काहीही विश्वासाचे धरायचे नाही, असा नियम आहे. ईएचएलओच्या उत्तरात सर्व्हर आपल्या सोयींची यादी देतो, आणि माझा प्रोग्राम पहिल्या ईएचएलओची जुनी यादी धरून 'या सर्व्हरवर लॉगिनची सोय नाही' असे समजून थांबत होता. दुसरा ईएचएलओ घातला आणि लॉगिन झाले.

४६५ हे पोर्ट वेगळे आहे, तेथे पहिल्या अक्षरापासून कुलूप असते. त्यावर साध्या पद्धतीने जोडणी केली, तर प्रोग्राम सर्व्हरच्या २२० ची वाट पाहतो आणि सर्व्हर प्रोग्रामकडून कुलूपाच्या बोलण्याची. दोघेही गप्प राहतात आणि पाहणाऱ्याला नेट मंद वाटते.

शेवटी व्यापाऱ्याच्या पत्त्यालाही २५० मिळाला. मेलचा मजकूर देऊन झाल्यावर येणाऱ्या २५० चा अर्थ एवढाच, की सर्व्हरने जबाबदारी घेतली. पत्र पोहोचले असा तो अर्थ नाही, पुढे अडल्यास परतीचा मेल येतो. पहिला अंक ४ आला, तर तोच मेल राखून ठेवून पुन्हा पाठवायचा असतो. २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये दोन प्रयत्नांत निदान ३० मिनिटांचे अंतर ठेवावे आणि साधारण ४ ते ५ दिवस प्रयत्न सोडू नये, असे सुचवले आहे.

आता सर्व्हरचे उत्तर जसेच्या तसे पडद्यावर दिसते आणि वेळेसह फाइलमध्ये उतरते. डिसेंबरमध्ये काट्यावरच्या मुलाचा फोन आला, "भाऊ, चारशे एक्कावन्न दाखवून राहिला." मी त्याला काहीही न करता थांबायला सांगितले. अर्ध्या तासाने फाइलमध्ये त्याच पावतीसमोर दुसरी ओळ उतरली होती, २५०.