बल्गेरियाची वृत्तपत्रे आणि नभोवाणी : परदेशात जन्म, मायदेशी कोंडी

बल्गेरियन भाषेतले पहिले नियतकालिक बल्गेरियात निघालेच नाही. देश ऑटोमन सत्तेखाली होता. कॉन्स्टँटिन फोतिनोव यांनी १८४४ साली ‘ल्युबोस्लोव्हिये’ हे मासिक सुरू केले ते स्मिर्ना, म्हणजे आजच्या इझ्मिरमध्ये. दोन वर्षांनी इव्हान बोगोरोव यांनी पहिले वृत्तपत्र काढले, तेही जर्मनीतल्या लाइप्झिगमधून. पुढे इस्तंबूल, बेलग्रेड, बुखारेस्ट अशी छापखान्यांची गावे बदलत राहिली. बुखारेस्टमध्ये ल्यूबेन कारावेलोव्ह ‘स्वोबोदा’ हे वृत्तपत्र चालवत, तर ब्राइलामधून कवी ख्रिस्तो बोतेव्ह यांनी निर्वासितांसाठी पत्र काढले. हेच बोतेव्ह १८७६ मध्ये सशस्त्र तुकडी घेऊन डॅन्यूबपार उतरले आणि लढताना मारले गेले. या देशाची पत्रकारिता स्वातंत्र्याच्या लढ्यातूनच उभी राहिली, हे विसरता येत नाही.

नव्या बल्गेरियन राज्याच्या १८७९ च्या तर्नोवो संविधानाने वृत्तपत्रे मुक्त असल्याचे आणि सेन्सॉरशिप चालणार नसल्याचे स्पष्ट लिहिले. प्रत्यक्षात पुढच्या सरकारांनी ते वचन वारंवार मोडले. हौशी मंडळींनी १९३० मध्ये उभारलेली ‘रोदनो रेडिओ’ ही संघटनाही फार काळ स्वतंत्र राहिली नाही. १९३५ मध्ये झार बोरिस तिसरा यांच्या फर्मानाने नभोवाणी सरकारजमा झाली.

१९४४ नंतर कम्युनिस्ट राजवटीत ‘राबोत्निचेस्को देलो’ हे पक्षाचे मुखपत्र देशाचे प्रमुख दैनिक झाले. १९५९ मध्ये दूरचित्रवाणी आली, तीही सरकारीच. खरी बातमी हवी असेल तर लोक पुन्हा परदेशाकडे कान लावत: बीबीसी, डॉइच वेले, रेडिओ फ्री युरोप. देश सोडून गेलेले लेखक गेओर्गी मार्कोव्ह या केंद्रांवरून कम्युनिस्ट नेते तोदोर झिव्हकोव्ह यांच्या राजवटीचे आतले वास्तव सांगत असत. ७ सप्टेंबर १९७८ रोजी लंडनच्या वॉटर्लू पुलाजवळ बसची वाट पाहताना त्यांच्या मांडीत काहीतरी टोचले. चार दिवसांनी ते गेले. शवविच्छेदनात टाचणीच्या डोक्याएवढी धातूची गोळी सापडली. तिच्यात रायसिन हे विष असावे, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. या खुनासाठी आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही, आणि ही गोष्ट संतापजनक आहे.

१० नोव्हेंबर १९८९ ला झिव्हकोव्ह पायउतार झाले आणि वर्तमानपत्रांचा पूर आला. ‘देमोक्रात्सिया’, ‘२४ चासा’, ‘कापिताल’ ही त्या काळातली नावे. जर्मन समूह डब्ल्यूएझेडने ‘ट्रुड’ आणि ‘२४ चासा’ ही सर्वाधिक खपाची दैनिके घेतली, २०१० मध्ये विकून टाकली आणि मालकी स्थानिक धनिकांकडे गेली. सेन्सॉरची जागा मालकाने घेतली, असे माझे मत आहे. राजकारणी देल्यान पेएव्हस्की यांच्या आईच्या नावावर एक मोठा माध्यमसमूह होता. जून २०१३ मध्ये संसदेने पेएव्हस्कींना सुरक्षा यंत्रणेचे प्रमुख नेमताच सोफियाचे रस्ते माणसांनी भरले आणि ती नेमणूक मागे घ्यावी लागली. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या माध्यमस्वातंत्र्य क्रमवारीत २००६ मध्ये ३५ वा असलेला हा देश २०१८ पर्यंत १११ व्या स्थानावर घसरला. मधल्या काळात तो युरोपीय संघाचा सदस्य झाला होता, हे विशेष.

१३ सप्टेंबर २०१९ रोजी सकाळी राष्ट्रीय नभोवाणीची ‘होरिझाँट’ वाहिनी सुमारे पाच तास बंद होती. कारण सांगितले गेले तांत्रिक देखभालीचे. आदल्याच दिवशी न्यायव्यवस्थेवर वार्तांकन करणाऱ्या सिल्व्हिया व्हेलिकोवा यांना प्रसारणातून हटवण्यात आले होते. सहकारी पत्रकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, व्हेलिकोवा परतल्या आणि पुढच्याच महिन्यात नभोवाणीच्या महासंचालकांना पद सोडावे लागले.